परदेशी तज्ज्ञांचे व्याख्यान ऐकून कोरडे कसे परतावे

स्मिथसोनियनची, म्हणजे अमेरिकेतल्या त्या अवाढव्य संग्रहालय-संस्थेची मंडळी व्याख्यानाला येणार आहेत म्हटल्यावर तुम्ही जाणारच. जायलाच हवे. फक्त निघण्यापूर्वी त्या संस्थेबद्दल एक ओळही वाचू नका. वाचून गेलेल्या माणसाची पंचाईत होते, त्याला ऐकावे लागते.

वेळेवर तर मुळीच पोचू नका. वीस मिनिटे उशीर केलात की जेम्स स्मिथसनची गोष्ट चुकते, आणि ती चुकलेलीच बरी. हा इंग्रज रसायनशास्त्रज्ञ १८२९ मध्ये जिनोआत वारला. आयुष्यात अमेरिकेत पाऊल ठेवले नाही आणि मृत्युपत्रात लिहून गेला की, पुतण्या निपुत्रिक गेला तर सगळी इस्टेट अमेरिकेला द्यावी, तिथे वॉशिंग्टनमध्ये ज्ञानाची वाढ आणि प्रसार करणारी संस्था काढावी. पुतण्या १८३५ मध्ये तसाच गेला. १८३८ मध्ये लाखाच्या वर सोन्याची नाणी जहाजातून आली, वितळवल्यावर पाच लाख डॉलरहून अधिक भरली. आता या पैशाचे करायचे काय? कोणी म्हणे विद्यापीठ काढा, कोणी वेधशाळा, कोणी ग्रंथालय. काही सिनेटरांना तर परक्या माणसाची देणगी घेण्यातच राष्ट्राचा कमीपणा दिसला. या वादात आठ वर्षे गेली. मधल्या काळात सरकारने ते पैसे अर्कान्सास राज्याच्या रोख्यांत गुंतवले आणि ते थकले. जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स या माजी राष्ट्राध्यक्षाने हट्टाने पिच्छा पुरवला म्हणून रक्कम भरून निघाली आणि १८४६ मध्ये एकदाचा कायदा झाला. पुढे १८६५ मध्ये संस्थेच्या इमारतीला आग लागली आणि त्यात स्मिथसनचे बहुतेक कागद जळाले. पंधरा कोटींवर वस्तू सांभाळणाऱ्यांना देणगीदाराची टिपणे मात्र सांभाळता आली नाहीत! समित्या, वाद, बुडीत खाती, आग... हे सगळे ऐकले तर तिकडची माणसे फारच ओळखीची वाटू लागतात. मग त्यांच्याकडे भक्तिभावाने बघणार कसे?

आत शिरल्यावर पुढच्या रांगेत बसा आणि मोबाइल उंच धरा. पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक चित्राचा फोटो काढा, अर्धा पडदा आणि अर्धे समोरच्याचे डोके अशा बेताने. पाहुण्या बाई सांगत असतील की फेब्रुवारी २०२० मध्ये आम्ही २८ लाख चित्रे सगळ्यांसाठी खुली केली, कुणीही उतरवून घ्यावीत, हवी तशी वापरावीत, परवानगीही नको. त्या वेळी तुम्ही त्याच वाक्याच्या पाटीचा फोटो काढण्यात गढलेले असा.

आकडे आले की मान डोलवा. एकवीस संग्रहालये, शिवाय एक प्राणिसंग्रहालय. पंधरा कोटी म्हटल्यावर डोळ्यांपुढे पंधरा कोटी मुकुट आणि तलवारी आणा. त्यातले बहुतांश नमुने प्राणी, वनस्पती, खडक आणि जीवाश्मांचे आहेत, नुसते कीटकच साडेतीन कोटींच्या आसपास आहेत, हे कानावर पडले तरी मनावर घेऊ नका. आणि प्रेक्षकांपुढे मांडलेला भाग जेमतेम एक टक्का असतो असे त्या म्हणाल्या, तर चुकूनही विचारू नका की मग बाकीचे कुठे आहे. विचारलेत तर मेलात.

कारण मग खरे व्याख्यान सुरू होते. मेरीलँडमध्ये सूटलँडला संग्रहाची प्रचंड कोठारे आहेत. तिथे हवेतला दमटपणा मोजतात. हाडांवरचे वाळके मांस साफ करायला खास पाळलेले किडे सोडतात आणि तशाच जातीचे किडे भुसा भरलेल्या पक्ष्यांपर्यंत पोचू नयेत म्हणून जागोजागी चिकट सापळे लावतात. पाळलेला कोण आणि घुसलेला कोण, यावर कुणाचा तरी पगार चालतो. एखादी वस्तू दुसऱ्या संग्रहालयाला उसनी द्यायची तर आधी तिच्या अंगावरचा प्रत्येक ओरखडा कागदावर उतरतो, परत आली की पुन्हा मोजणी. बाई सांगतात, नोंदणी क्रमांक नसलेली, कुठून आली ते ठाऊक नसलेली वस्तू संग्रहालयाच्या लेखी जवळजवळ मुकी असते. हे सांगताना त्यांचा चेहरा उजळतो. तुमच्या शेजारच्याचे डोळे मिटतात. तुम्हीही मिटा, सोबत होईल.

प्रश्नोत्तरे मात्र सोडू नका. माइक हातात आला की आधी स्वतःचा परिचय, मग संस्कृतीचा महिमा आणि शेवटी कडाडून विचारा, ‘कोहिनूर कधी परत करणार?’ कोहिनूर लंडनला आहे, ही किरकोळ बाब. कुणी कानात कुजबुजलेच तर न डगमगता होप हिऱ्यावर घसरा. तोही गोवळकोंड्याकडचाच, पंचेचाळीस कॅरटचा आणि खरोखर त्यांच्याकडेच आहे. हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने १९५८ मध्ये तो संस्थेला दिला, तोही साध्या रजिस्टर टपालाने. खर्च आला १४५ डॉलर २९ सेंट, त्यातला बहुतेक विम्याचा. ते वेष्टण आज त्यांच्याच टपाल संग्रहालयात आहे. (या लोकांना काही म्हणजे काही टाकवत नाही.)

प्रश्न विचारून झाला की खाली बसा आणि मोबाइल बघा. उत्तर तुमच्यासाठी नसते. त्या वेळी पाहुणे २०२२ मध्ये नायजेरियाला सोपवलेल्या २९ बेनिन ब्राँझ वस्तूंविषयी, म्हणजे तिथल्या जुन्या बेनिन राज्यातून लुटून नेलेल्या कलाकृतींविषयी, बोलत असतील. लुटून आणलेले, विकत घेतलेले आणि दान मिळालेले यांतला फरक जुन्या पावत्यांतून कसा शोधतात, ते समजावत असतील. तुमच्या गर्जनेचा खरा धागा तोच होता, पण टाळ्या तर आधीच पडल्या.

मागच्या रांगेतून कोणीतरी ‘तिकीट किती?’ असे विचारतेच. वॉशिंग्टनमधल्या त्यांच्या संग्रहालयांना प्रवेश फुकट आहे, हे ऐकून सभागृहात हळहळ पसरते. मग खर्च कोण करते, हे विचारण्याची घाई नको. निम्म्याहून जास्त पैसा केंद्र सरकारचा असतो, म्हणून तिथे अर्थसंकल्प अडकून सरकारी कामकाज बराच काळ ठप्प राहिले तर संग्रहालयांची दारेही बंद होतात. असले ऐकून फुकटपणाची गोडी जाते.

आणि शेवटी फोटो. पाहुण्यांना मधे घ्या, खांद्याला खांदा लावा, ‘ज्ञानात मोलाची भर पडली’ असे लिहून टाका. नावे लिहू नका, तारीख नको, ठिकाण नको. पाच वर्षांनी फोन साफ करताना तो फोटो वर येईल, तुम्ही दोन बोटांनी चेहरे मोठे करून बघाल आणि बायकोला विचाराल, ‘अगं, ह्या बाई कोण?’