'त्यात शिकण्यासारखं होतं काय?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इतकं सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मध्ययुगीन चर्चमधलं गाणं म्हणजे साधूंनी एका सुरात केलेलं पाठांतर, त्याला ना तालीम लागे ना गळा, आणि अकराव्या शतकात ग्वीदो या इटालियन साधूने रेघांवरची स्वरलिपी बसवल्यावर तर काय, कागद बघून कुणीही गावं.

पहिलं अर्धं खरं आहे. स्तोत्रं म्हणायच्या चाली सोप्याच असत. संत बेनेडिक्टने मठांसाठी लिहिलेल्या नियमानुसार बायबलमधली दीडशेच्या दीडशे स्तोत्रं आठवड्यात म्हणून व्हायची. प्रत्येकात ताना घेत बसले असते तर शेतं कुणी नांगरली असती? पण मिस्सामधली, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेतली, ग्रॅज्युअल आणि अलेलूया ही गाणी ऐका. एकेका अक्षरावर स्वरांची लांबच लांब माळ, आणि त्यातल्या अवघड जागा एकट्या गायकाच्या वाट्याला. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॉल मठाचा नोटकर नवव्या शतकात लिहून गेलाय की लहानपणी या लांबलचक चाली त्याच्या डोक्यात टिकतच नसत. शेवटी त्याने त्या स्वरांना एकेक अक्षर जोडून शब्द रचले. नोटकर म्हणजे काही ढ मुलगा नव्हे, पुढे नावाजलेला कवी!

त्याच मठातलं ३५९ क्रमांकाचं हस्तलिखित, दहाव्या शतकातलं, इंटरनेटवर बघायला मिळतं. शब्दांच्या डोक्यावर बारीक फटकारे, मधेमधे एखादं इवलंसं अक्षर: 'सी' म्हणजे चटकन, 'टी' म्हणजे धरून ठेव. रेघ एकही नाही. स्वर वर गेला की खाली आला एवढं कळतं. किती, ते कळत नाही. म्हणजे चाल आधी गुरूकडून घोटून आलेली असेल तरच हा कागद उपयोगाचा. तुम्ही म्हणता तशी 'गुरुमुखी विद्या आपल्याकडेच' नव्हती. आणि चुकलं तर? बेनेडिक्टच्या नियमाच्या ४५व्या प्रकरणात लिहिलंय: मोठ्या माणसाने तिथेच सगळ्यांसमोर नमतं घ्यायचं, नाहीतर जास्त शिक्षा, पोरांना मार.

आता ग्वीदो. त्याला तुम्ही तुमचा साक्षीदार केलंत, पण तो बोलतो माझ्या बाजूने. मित्राला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की पूर्वी दहा वर्षं घालवूनही गाणं अर्धवटच यायचं, माझ्या पद्धतीने एक, फार तर दोन वर्षांत गायक तयार होतो. दहा वर्षं! एकोणिसाव्या जॉन पोपने त्याला रोमला बोलावून घेतलं, त्याच्या स्वरलिपीतल्या पुस्तकाची पानं उलटली आणि कधी न ऐकलेली एक ओळ स्वतः म्हणता येईपर्यंत जागचा हलला नाही. (गोव्यात चर्चच्या शाळांनी पोरांकडून जे सोल्फेज, म्हणजे दो-रे-मी अशी नावं घेत स्वर वाचणं, घोटून घेतलं आणि ज्याच्या जोरावर पुढे मुंबईच्या सिनेसंगीताला वादक मिळाले, त्याची मुळाक्षरं ग्वीदोचीच.)

पण ग्वीदोमुळे वाचलेल्या वर्षांत गायक स्वस्थ बसले नाहीत. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये ११९८च्या सुमारास पेरोतँ या संगीतकाराची 'विदेरुन्त ओम्नेस' ही चार आवाजांची रचना गायली जाऊ लागली. हे अख्ख्या गायकवृंदाचं काम नव्हतं. निवडक गायक, एकेका आवाजाला एकेक, हे भाग गात, बाकीचे मूळ चाल. रेकॉर्डिंग सहज सापडेल. ऐकताना वरचे तीन आवाज मोहात पाडतील, पण तुम्ही खालचा धरा. 'वि' या पहिल्या अक्षरावर तो किती वेळ एकाच स्वरावर उभा राहतो, घड्याळ लावून बघा. मग गळा लागतो की नाही ते सांगा, वाट बघतो.