होस्टेलमध्ये राहून पर्यावरण वाचवायचे सोपे उपाय

मित्रांनो, पर्यावरण वाचवायचं ठरवलंय ना, मग आधी स्टीलची बाटली घ्या. ऑनलाइनच मागवा. आपल्या सोलापूरच्या नव्या पेठेत चालत जाऊन घेतली तर पुठ्ठ्याचं खोकं, बबल रॅप, वरून चिकटपट्टी हे काहीच मिळत नाही. पहिली जुनी झाली की, म्हणजे महिन्यानं, दुसऱ्या रंगाची मागवा.

मे महिन्यात कूलर फुल्ल सोडा अन् अंगावर चादर ओढा. चादर सोलापुरीच हवी, जीआय टॅगवाली (माल त्याच भागातला असल्याचा सरकारी शिक्का), म्हणजे स्थानिक मालालाही पाठिंबा होतो.

पंखा चालू ठेवूनच कॉलेजला जा, खोलीला एकटं वाटायला नको. ७५ वॅटचा पंखा तेरा तासात जेमतेम एक युनिट खातो अन् बिल काय आपण भरतो का?

कडक भाकरी आठवडे टिकते, म्हणून ती मेसच्या ताटात टाकून द्या अन् रात्री थर्माकोलच्या डब्यातून नूडल्स मागवा. थर्माकोलच्या डब्यांना २०१८ पासून राज्यात बंदी आहे, पण आपल्याला कोण विचारतंय.

आता पाणी. उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटर पाइपातून, पंपानं ढकलत सोलापुरात येतं, ते पण रोज नाही, काही दिवसांआड, ते सगळ्यांना माहितीच आहे. तर आपण काय करायचं, बादली तोटीखाली लावायची, तोटी पूर्ण सोडायची अन् फोन कानाला लावून पॅसेजमध्ये निघून जायचं. वीस लिटरची बादली दोन मिनिटांत भरते, तुमचा कॉल चालतो चाळीस मिनिटं, म्हणजे मिनिटाला दहा लिटर धरलं तरी ३८० लिटर सरळ गटारात. कुणी ओरडलं तर "येऊलालो की बे, एक मिनिट!" एवढंच म्हणायचं, यायचं नाही. मग टाकी संपते, अन् परवा माझ्यासारखा कुणीतरी डोक्याला शाम्पू लावून तोटी पिळत उभा राहतो, त्यातून नुसती हवा फुसफुसते, डोळे चुरचुरतात, नऊला प्रॅक्टिकल. पुसलं डोकं तसंच टॉवेलनं अन् गेलो, लॅबमध्ये घाम आला की कपाळावर फेस. दुपारी टँकर आला, डिझेलचा धूर सोडत. तो रिकामा व्हायच्या आत वरची टाकी भरून वाहायला लागली, कारण टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा बॉल-कॉक तुटलाय. रेक्टर सर म्हणाले, "बघू." खाली गेटवर मात्र 'पाणी वाचवा'चा नवा फ्लेक्स लागलाय, प्लास्टिकचाच.

जाऊ दे, उपाय बास झाले, सरळच बोलतो. रेक्टर सर, बॉल-कॉक काही परदेशातून येत नाही, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, प्लंबर अर्ध्या तासात बसवतो, एका टँकरच्या पैशात असले कितीतरी येतील. अन् तू, फोनवाल्या, सांगोल्याचा ना रे? उन्हाळ्यात वस्तीवर टँकर आला की ड्रम घेऊन सगळ्यांच्या पुढं पळायचास हे तूच सांगितलंयस मला. तिथं तांब्याभर पाणी सांडलं तर आई बोलायची, अन् इथं वर्गणी मागायला कुणी येत नाही म्हणून टाकीच्या टाकी सोडतोस? लाज वाटू दे थोडी. फोन नंतर कर, आधी तोटी बंद कर.

अन् ती निळी बादली माझीये, संध्याकाळपर्यंत खोलीत आणून ठेव.