"जेट बोटीला पंखा नाही, म्हणजे ती सेफ" हे अर्धवट आहे

ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. जेट बोटीला खाली पंखा नसतो म्हणून ट्यूब नाहीतर स्की ओढायला तीच सगळ्यात सेफ, कील-बील (तळाला पाण्यात उतरलेली पट्टी) हे कंपन्यांचं फॅड, आणि बोट शेपूट टाकत असेल, म्हणजे मागचा भाग बाजूला घसरत असेल, तर चालवणारा कच्चा. सुट्टी लागली की निम्मं कोल्हापूर घाट उतरून मालवण-तारकर्लीला जातंय, तिथं बऱ्याच बोटी पंख्याच्याच असतात, पण हे वाचून जेटच्या मागं पोरगं बिनधास्त सोडणारे पण आहेत, म्हणून लिहितोय.

पंखा बाहेर नाही हे खरंय. पण आत पंप आहे की भावा! तो तळाच्या जाळीतून पाणी ओढतो आणि मागच्या नॉझलमधून फेकतो, आणि बऱ्याच जेट बोटींत लिव्हर न्यूट्रलला असलं तरी इंजिन चालू म्हणजे इम्पेलर (पंपातलं पातं) फिरतोयच. सैल दोर, लांब केस, जॅकेटचा लोंबता पट्टा, जाळीपाशी गेलं की आत. मागची धार तर इतकी जोराची असते की अगदी जवळ पाण्यात पडलेल्या माणसाला शरीराच्या आत इजा होऊ शकते. रायडर (मागं दोराला ओढला जाणारा) शिडीजवळ आला की इंजिन बंद म्हणजे बंद.

आता कील. कोल्हापूरच्या महापुरात चिखली-आंबेवाडी गावांत ज्या बोटी आल्या त्यांच्या इंजिनाचा पाय पाण्यात खोल असतो, तो पाण्याला धरून राहतो. जेटला तसं खाली काहीच नाही, त्यामुळं रायडर डावीकडं जोरात कापत गेला की दोर शेपूट डावीकडं खेचतो, नाक उजवीकडं जातं, चालवणारा स्टिअरिंग उलटं मारतो तोवर रायडर पलीकडं पोचलेला. वेकबोर्डच्या (बोटीमागं एका फळीवर उभं राहायचा खेळ) ताशी ३० किमीच्या आसपास हे चांगलंच जाणवतं. कसलेला ड्रायव्हर सावरून घेतो, पण बोटीची पकडच कमी असेल तर त्याला कच्चा म्हणून काय उपयोग?

सगळ्यात महत्त्वाचं पुढंच आहे. जेट वळते ती धारेवर. गॅस (ॲक्सिलरेटर) सोडला की धार गेली, धार गेली की स्टिअरिंग गेलं. समोर पडलेला माणूस अचानक दिसला की घाबरून हात आधी गॅसच सोडतो आणि चाक फिरवतो, आणि बोट सरळ त्याच्याच अंगावर! यामाहाच्या काही जेट बोटींत मागं तळाला कील म्हणून सुकाणूसारखा भाग असतो, तो नॉझलबरोबर वळतो, म्हणून गॅस कमी असताना पण बोट थोडीफार ऐकते. याला फॅड म्हणायचं?

मेसेजखाली कुणीतरी लिहिलंय, मग उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधनं लांब पट्टी करून आणा आणि तळाला ठोका. नका ठोकू. जाळीच्या पुढं पट्टी आली की तिच्यामागं हवेचे बुडबुडे सुटतात, ते पंपात शिरले की इंजिन नुसतं ओरडतं आणि बोट ढकल घेत नाही. वर नाकाला पकड आली आणि शेपूट मोकळंच राहिलं तर बोट आणखी फिरते. पकड पाहिजे ती मागं, नॉझलपाशी.