खुलासा : ‘ब्रिजर्टन’ जॉर्जेट हेयरची नव्हे

‘ब्रिजर्टन’ ही मालिका इंग्लिश लेखिका जॉर्जेट हेयरच्या कादंबऱ्यांवर बेतली आहे आणि हेयर म्हणजे कादंबरीकार जेन ऑस्टिनची समकालीन, असा मजकूर सध्या फिरतो आहे. दोन्ही गोष्टी चूक. मालिका अमेरिकन लेखिका ज्युलिया क्विन हिच्या कादंबऱ्यांवर आधारलेली आहे. ऑस्टिन १८१७ साली वारली. हेयर जन्मली १९०२ मध्ये. गोंधळ होण्याजोगाच आहे म्हणा, कारण ‘ब्रिजर्टन’ घडते ती इंग्लंडच्या रीजन्सी काळात, म्हणजे आजारी राजाऐवजी युवराज कारभार पाहत होता तेव्हा (१८११-२०), आणि त्या काळातल्या प्रेमकथांची वाट हेयरनेच रुळवली. आज तिच्याकडे पुन्हा वाचक वळताहेत तेही त्याच ओढीने. पोशाख, घोडागाड्या, तेव्हाची बोली यांच्या टिपणांनी तिने वह्याच्या वह्या भरल्या होत्या. आणि गंमत अशी, की आजारी भावाला रमवायला रचलेल्या गोष्टीतून आलेली तिची पहिली कादंबरी (१९२१) रीजन्सीतली नाहीच, त्याच्या कितीतरी आधीच्या अठराव्या शतकातली आहे.