समोर बसलेलं माणूस

एआय सोबती, म्हणजे माणसासारखं गप्पा मारणारं ॲप, थकत नाही, रागावत नाही, म्हणून एकट्या माणसाला तो बरा, असं एका लेखात वाचलं; ते मला पटलं नाही. मी कोल्हापुरात व्यक्तिचित्रं काढतो. गेल्या पावसाळ्यात आत्याला समोर बसवलं. तासाभरात तिची मान अवघडली, चहा निवला, "पुरे की रं आता" म्हणून ती कावली. मग जराशानं आत्तोबांच्या शेवटच्या दिवसांबद्दल आपणहून बोलू लागली. तिच्या भुवईजवळचा व्रण मी चाळीस वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिला. कंटाळली तरी ती उठली नाही. जवळीक म्हणतात ती मला तिथं दिसली.

ॲपशी बोलणाऱ्यांना मात्र कुणी हसू नये. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या जोसेफ वायझेनबाउम यांनी केलेला एलायझा हा गप्पा मारणारा प्रोग्रॅम आपलीच वाक्यं प्रश्न करून परत द्यायचा. तो कसा बनला हे माहीत असूनही त्यांच्या सेक्रेटरीनं त्याच्याशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं होतं. बोलण्याची भूक खरीच असते. पण २०२३ च्या फेब्रुवारीत रेप्लिका या एआय सोबती ॲपच्या कंपनीनं प्रणयी संवाद बंद केले, तेव्हा कित्येकांना आपलं माणूस रातोरात परकं झाल्यासारखं वाटलं. आत्या रुसली तर समजूत काढता येते. कंपनीची कशी काढायची?

माझा भाचाही रात्री जागून अशाच ॲपशी बोलतो. परवा त्याला रंकाळ्यावर नेलं, संध्यामठासमोर बसवून स्केच केलं. अर्धा तास गप्प होता. मग म्हणाला, "मामा, उद्या परत येऊया?"