जगाच्या शेवटाची तारीख काढा, घरबसल्या

जगाचा शेवट कधी आहे हे काढायला फार शिकावं लागत नाही. बेरीज आली पाहिजे, वजाबाकी आली तर सोन्याहून पिवळं. परवाच भायखळ्याच्या एका कॉटेज मीटिंगला, म्हणजे घरगुती बायबल-सभेला बसून हे शास्त्र ऐकून आलोय. डोकं अजून ठणकतंय, पण ज्ञान दिल्याने वाढतं म्हणतात, म्हणून देऊन टाकतो.

आधी एक फ्लेक्स छापून घ्या. त्यावर बायबलातल्या दानीएलाच्या दुसऱ्या अध्यायातला पुतळा हवाच: सोन्याचं डोकं, रुप्याची छाती, पितळेचं पोट, लोखंडाचे पाय. बाजूला दहा शिंगांचं श्वापद. खालून एक लांबलचक बाण आणि बाणाच्या टोकाला साल. आमची मीटिंग घेणाऱ्या बंधूंचा फ्लेक्स खिडकीच्या ग्रिलला सुतळीने बांधला होता. पंख्याच्या वाऱ्याने तो फडफडला की सालावर लावलेल्या पांढऱ्या स्टिकरचा कोपरा उचलायचा आणि खालचं जुनं साल डोकवायचं. 2020. तेव्हा स्टिकर जरा चांगल्या गोंदाचा घ्या.

आता गणित. ते उत्तराकडून सुरू करायचं. प्रभू येशू तुमच्या हयातीतच परत आला पाहिजे. पणतूच्या काळात येणार म्हटल्यावर मीटिंगला कोण येईल? साल ठरलं की मागे मोजत जा आणि जिथे पोचाल तिथे एक राजा उभा करा. दानीएलाची सत्तर सप्तकं (सत्तर गुणिले सात) यरुशलेम पुन्हा बांधायच्या आज्ञेपासून मोजायची, आणि आज्ञा मुबलक आहेत. इराणचा राजा कोरेश याची इ.स.पू. 538 च्या सुमाराची आहे, तिथल्याच अर्तहशश्त राजाचं एज्राला दिलेलं पत्र 457 चं, नहेम्याला दिलेली परवानगी 445 ची. परवडेल ती घ्या.

दर लक्षात ठेवा: एका दिवसाला एक वर्ष. आधार विचारला तर गणना 14:34 आणि यहेज्केल 4:6 एका दमात म्हणून मोकळे व्हा. त्या दोन्ही ठिकाणी हा दर देवाने स्वतः सांगितलाय आणि दानीएलात किंवा बायबलाच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, तो कुणीच सांगितलेला नाही, हे बोलायची गरज नाही. 'एक काळ, दोन काळ व अर्धा काळ' म्हणजे साडेतीन वर्षं, म्हणजे 42 महिने, महिना तीस दिवसांचा धरला की 1260 दिवस, म्हणजेच 1260 वर्षं. ती इ.स. 538 मध्ये मिळवा. 1798! त्याच साली फ्रेंच सेनापती बेर्तिए रोममध्ये शिरला आणि पोप सहावा पायस कैद झाला. इथे सभेत 'आमेन' होतं. 538 च का, असं विचारणाऱ्याला चहा शेवटी द्या.

हा दर सगळीकडे मात्र लावू नका, अंगाशी येईल. योना संदेष्ट्याने निनवे शहराला दिलेले चाळीस दिवस चाळीसच राहू द्या. यिर्मया संदेष्ट्याने सांगितलेली सत्तर वर्षं सत्तरच. प्रकटीकरणातलं हजार वर्षांचं राज्य या दराने मोजलंत तर 3,60,000 वर्षं होतात, बाण भिंतीबाहेर जाईल. उलट बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर गवत खात हिंडला ते 'सात काळ' बिनधास्त 2520 वर्षं करा, इ.स.पू. 607 पासून मोजा आणि 1914 वर उतरा. यरुशलेम 587 किंवा 586 मध्ये पडलं असं इतिहासकार म्हणतात. म्हणू देत.

कोणी म्हणेल, दानीएलातल्या 2300 'संध्याकाळ-सकाळ' म्हणजे मंदिरातली रोजची दोन अर्पणं, दिवस भरतात 1150, आणि तो सगळा छळ यरुशलेमचं मंदिर बाटवणाऱ्या अंतियोख राजाचा, इ.स.पू. 167 चा. त्याला 'सेमिनरीत (धर्मशास्त्राच्या कॉलेजात) जाऊन बिघडलेला' म्हणा.

इ.स.पू. 1 नंतर थेट इ.स. 1 येतं, शून्य साल नसतं. हे गुपित राखून ठेवा, एक वर्ष वाढवून मिळतं.

न्यूटनचं नाव घ्याच. त्यानेही 800 मध्ये 1260 मिळवून 2060 काढलं होतं. ते त्याने उठसूट तारखा काढणाऱ्यांची तोंडं बंद करायला लिहिलं, एवढं गाळा.

चुकलात तर? घाबरायचं काय त्यात! अमेरिकेतल्या विल्यम मिलरने इ.स.पू. 457 आणि त्या 2300 चा मेळ घालून आधी 1843 काढलं, मग 1844. शेवटी त्याच्या लोकांनी 22 ऑक्टोबर पक्का केला. काहींनी शेतातली पिकंसुद्धा काढली नाहीत. प्रभू आला नाही. मग कळलं की घटना घडली, पण स्वर्गात! 1914 चंही तेच, आगमन झालं, फक्त दिसलं नाही. अमेरिकेतल्याच रेडिओ-प्रवचनकार हॅरोल्ड कॅम्पिंगने 21 मे 2011 सांगितली. ती टळल्यावर म्हणाला, तो आत्मिक न्याय होता, खरा शेवट 21 ऑक्टोबरला. न्यूयॉर्कच्या एका निवृत्त परिवहन कर्मचाऱ्याने जन्माची पुंजी, सुमारे 1,40,000 डॉलर, त्या मे महिन्याच्या जाहिरातींवर उधळली होती. त्याचं पुढे काय झालं, ते फ्लेक्सवर नसतं.

आणि श्रोते पारखून घ्या. तरुण पोरं तिथल्या तिथे मोबाईलवर संदर्भ तपासतात, ती नकोत. साठीच्या पुढची, घरात एकटी, मुलगा परदेशात, बँकेत चार पैसे, अशी माणसं उत्तम. माझी मावशी घ्या. नव्हे, घेतलीच आहे. जन्मभर म्युनिसिपालिटीच्या शाळेत पोरांकडून पाढे घोकून घेतलेली बाई. तिने एफडी मुदतीआधी मोडली, बँकेने दंड कापला तो कापला, आणि उरलेलं पाकिटात घालून 'शेवटच्या कापणीच्या सेवेला' दिलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती. ती तिने सोडून दिली. मी भांडलो तर म्हणते, "बाळा, एवढ्याशा दिवसांसाठी कशाला लेन्स टाकायची?" बायबल आता शेजारची मुलगी वाचून दाखवते. कुठला अध्याय, तेही बंधूच ठरवून देतात. स्टिकरवरचं नवं साल मी मुद्दाम लिहीत नाही, आणखी कुणाची एफडी मोडायला नको.

पुरे झाली थट्टा. बंधू, मार्क 13:32 तुम्ही वाचलेलं नाही असं नाही. तो दिवस आणि ती घटका देवदूतांना ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. आणि तुम्हाला ठाऊक? बिशप ऑगस्टीनने पाचव्या शतकातच असल्या हिशेबनिसांना बोटं सैल सोडा, विश्रांती द्या, म्हणून बजावलं होतं. दानीएल त्या माणसांसाठी आहे ज्यांचं मंदिर बाटवलं, ज्यांना मारलं, ज्यांना एवढंच ऐकायचं होतं की या छळाला हद्द आहे. त्या हद्दीचं तुम्ही वेळापत्रक केलंत आणि वर पाकीट फिरवलंत. लाज वाटत नाही? तुम्ही स्वतः विरारला फ्लॅट घेतलाय, वीस वर्षांच्या कर्जावर. पेढे खाल्लेत आम्ही. जगाचा शेवट तोंडावर आलाय असं मानणारा माणूस वीस वर्षांचे हप्ते बांधून घेतो होय? म्हणजे खात्री मावशीने बाळगायची आणि ताबा तुम्ही घ्यायचा!

तिचे पैसे परत करा. फोनवर नाही, घरी जाऊन. समोर बसून सांगा की साल खोटं आहे, ऑपरेशन करून घ्या. या आठवड्यात. आणि आठवडा म्हणजे सात दिवस, सात वर्षं नव्हेत.