पट्ट्याचा रंग

सुका मेवा मला फारसा आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. काजूने पित्त होतं, बदाम दातात अडकतो आणि मनुका म्हणजे तर वाळवून ठेवलेला अपमान. तेव्हा गेल्या मंगळवारी हिंजवडीतल्या आमच्या (म्हणजे त्यांच्या) कंपनीत दिवाळीचे डबे वाटले आणि मला मिळाला नाही, याचं दुःख मेव्याचं नाही. पंचवीस मिनिटं रांगेत उभा राहिलो, त्याचं आहे.

टेबलामागे गेटवरचे सिक्युरिटीवाले काका होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, थेट गळ्याकडे पाहिलं.

"पट्टा निळा लागतोय, सर. तुमचा नारंगी हाय."

गळ्यातल्या ओळखपत्राचा निळा पट्टा पर्मनंटचा, नारंगी कंत्राटी. अडीच वर्षं मी समजत होतो की माझ्या वेळी निळे संपले असतील.

"नाव तरी बघा," मी म्हणालो.

"बघतो की. नाव बघायला काय पैसं पडतंय?"

त्यांनी खिशातून फुटपट्टी काढली, यादीवर आडवी धरली आणि पहिल्या नावापासून सुरुवात केली. यादी आडनावांप्रमाणे नव्हती, पहिल्या नावांप्रमाणे नव्हती, कशाप्रमाणेच नव्हती. एकेका ओळीवर थांबून ते ओठ हलवत वाचत होते. मागे चाळीसेक माणसं. कुणी घसा खाकरला, कुणी "अहो, काय चाललंय" म्हणालं. काका तसूभर हलले नाहीत. नवव्या पानावर फुटपट्टी ठेवून त्यांनी निकाल दिला.

"तुमच्या नावाचे दोघं हायत. पण ते तुमी नाही."

माझी ओळख इतक्या मोजक्या शब्दांत आजवर कुणी सांगितली नव्हती.

"कंत्राटी माणसाचा डबा एजन्सीनं द्यायचा असतोय."

"माझी एजन्सी बंगळूरला आहे."

"मग जाऊन यायचं. तेवढंच फिरणं होतंय."

"काका, तुम्ही स्वतः पर्मनंट आहात का?" हे मी कुजकेपणाने विचारलं, कबूल करतो.

त्यांना अजिबात लागलं नाही. उलट फुटपट्टी खाली ठेवून ते ऐसपैस सांगायला लागले. "चौदा वर्सं झाली या गेटवर. चार एजन्स्या बदलल्या. गेट तेच, खुर्ची तीच, मी तोच. शर्ट तेवढा चौथा. ग्रॅच्युइटीला पाच वर्सं सलग लागतेत म्हणं. चार वर्सांच्या वर एक एजन्सी टिकंना. मीच टिकलोय." मग पुढे वाकून, हळू आवाजात, "तुमाला रोजचं किती पडतंय?"

मीही हळूच म्हणालो, "पाच हजार."

"पाच हजार रोज!" हे मात्र हळू नव्हतं. "आन वर डबा पायजे व्हय?"

चाळीस माणसं वळून पाहायला लागली. त्यातल्या अर्ध्यांचा पगार माझ्यापेक्षा कमी, हे मला माहीत होतं. आता त्यांनाही कळलं. मी "राहू दे, राहू दे" म्हणत बाहेर पडलो. मागून काका म्हणाले, "उद्या संध्याकाळी या. दोन-तीन उरतेत."

दुखणं खरं तर आठवडाभर आधीचं आहे. एचआरची मेल आली, तुम्हाला पर्मनंट करायचा विचार आहे, सोमवारपर्यंत कळवा. हातात ७८,०००. आत्ता महिन्याला २२ दिवस भरले की १,१०,००० होतात, त्यातला दहा टक्के कर आधीच कापून येतो. वर पीएफ नाही, विमा नाही, भरपगारी रजा नाही. पाच हजार रोज ऐकायला बरं वाटतं, पण त्याने आयुष्यातल्या प्रत्येक गोष्टीवर किमतीची चिठ्ठी लागते. ताप आला की पाच हजार. मामेबहिणीच्या लग्नाला गेलो, पाच हजार अधिक आहेर. दिवाळीला कंपनी चार दिवस बंद, म्हणजे आमच्या घरी लक्ष्मी येते ती २०,००० घेऊन जायला. गेल्या पावसाळ्यात चुलत आजोबा गेले. तेराव्याला गेलो, दहाव्याला परवडलं नाही. हे मी विनोद म्हणून सांगत होतो, तेव्हा आई हसली नाही.

करार अकरा महिन्यांचा. राहत्या घराचा भाडेकरारही अकरा महिन्यांचा, आणि दोन्ही कधीही एका वेळी जिवंत नसतात. घरमालकाला नोकरीचं चालू पत्र लागतं, एजन्सीला पत्त्याचा चालू पुरावा लागतो, आणि मी दोघांच्या मध्ये झेरॉक्स काढत फिरतो.

कंपनी माझ्यासाठी एजन्सीला किती मोजते, हे एकदा विचारलं होतं. "गोपनीय आहे," म्हणाले. किंमत माझी, आणि गोपनीय माझ्यापासूनच! शेजारच्या खुर्चीवरचा निळा पट्टा आणि मी एकच काम करतो, एकाच साहेबाच्या शिव्या खातो. शिव्यांची यादी मात्र वेगळी नाही, त्यात माझं नाव असतं.

बाबांना यातलं काहीच पटत नाही. ते जिल्हा परिषदेत होते, २००९ साली निवृत्त झाले. राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीला लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली, बाबा त्याच्या कितीतरी आधी चिकटलेले. त्यामुळे झोपाळ्यावर बसल्या बसल्या त्यांचा महागाई भत्ता वाढतो, कधीकधी थकबाकीसकट. मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत कर्मचारी संपावर गेले, तेव्हा बाबांनी टीव्हीसमोरून पाठिंबा दिला आणि मला विचारलं, "तुमच्यात असलं काही नसतं का रे?" आमच्यात संप केला तर त्याला बिनपगारी रजा म्हणतात.

"सही करून टाक," बाबांचं एकच. "पर्मनंट ते पर्मनंट."

म्हणून मी ते पत्र नीट वाचलं. पर्मनंटला नोटीस नव्वद दिवसांची. माझ्या आत्ताच्या करारात तीस दिवसांची. म्हणजे कायम हा शब्द मोजायला गेलं तर साठ दिवस भरतो. त्या साठ दिवसांसाठी कर कापून उरलेल्या ९९,००० मधले महिन्याला २१,००० सोडायचे, वर्षाला २,५२,०००. बायको म्हणाली, "पीएफ धर, विमा धर, सुट्ट्या धर." धरलं सगळं. तरी खड्डा उरतोच. "आणि बाबांना रोज उत्तर द्यावं लागणार नाही, ते धर." ते धरल्यावर मात्र हिशेब जवळजवळ जुळला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गेटवर गेलो. सहज. बस त्याच बाजूने लागते.

काकांनी टेबलाखालून डबा काढला. वर नावाचा छापील स्टिकर. "घ्या. हे सर मागल्या महिन्यात गेले. काढलं त्यांना. अकरा वर्सं होते, निळा पट्टा. यादीत नाव ऱ्हायलंय अजून."

नको म्हणायला हवं होतं. मी म्हणालो नाही.

घरी येईपर्यंत बसमध्ये नखाने स्टिकर खरवडत होतो. अर्धं आडनाव निघालं, बाकी निघेना. बाबांनी दार उघडलं, डबा पाहिला आणि त्यांचा चेहरा असा उजळला की पाहवेना.

"कंपनीने दिला? केलं वाटतं पर्मनंट!"

मग चष्मा लावून त्यांनी डबा उजेडाकडे धरला. "हे नाव कुणाचं रे?"